सेल्बर्नची एक दुपार: इंग्लिश खेड्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांत जून-जुलै उजाडला की एक प्रश्न हमखास निघतो. आई-बाबा आलेत, लंडन झालं, ऑक्सफर्ड झालं, आता न्यायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं असतं: सेल्बर्न. हँपशरमधलं छोटंसं खेडं. एकच मोठा रस्ता, एक चर्च, एक पब, मागे झाडांनी गच्च भरलेली टेकडी. साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, पण इथे जिप्सी नाही, गाइड नाही, वाघ तर नाहीच. तरीही पक्षी-कीटक-फुलं पाहायला शिकायचं असेल तर याच्यासारखी शाळा नाही.

कारण या गावात गिल्बर्ट व्हाइट राहायचा. 1720 मध्ये इथेच जन्मला, 1793 मध्ये इथेच गेला. चर्चमध्ये क्युरेट, म्हणजे दुय्यम धर्मगुरू होता आणि उरलेला सगळा वेळ गावातली पाखरं, किडे, झाडं, हवामान बघून टिपून ठेवायचा. त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक 1789 मध्ये निघालं आणि तेव्हापासून आजवर छापलं जातंय. त्याने कुठे लांबचा प्रवास केला नाही. एकाच गावाकडे आयुष्यभर पाहत राहिला, आणि तेवढ्यावर इंग्लंडमधल्या निसर्गनिरीक्षणाचा पाया घातला गेला.

आता मुद्द्याचं. इथे येणारे बहुतेक लोक दुपार उलटी घालवतात. बारा वाजता उतरतात, ताज्या दमाने टेकडी चढतात, खाली येऊन चहा पितात आणि पाचला गाडीत बसतात. म्हणजे फुलपाखरांच्या वेळी जंगलाच्या अंधारात आणि पाकोळ्यांच्या, म्हणजे इथल्या स्विफ्ट पक्ष्यांच्या, वेळी मोटरवेवर. इथल्या प्राण्यांचं घड्याळ उन्हावर चालतं, तेव्हा आपणही उन्हाप्रमाणे जागा बदलत जायचं. पुढचा सगळा क्रम त्यावरच बेतलाय.

दिवस कोणता निवडायचा

जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर. यात फार मागेपुढे करू नका. पाकोळ्या मेच्या सुरुवातीला आफ्रिकेतून येतात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेक निघून गेलेल्या असतात. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागते म्हणून आपण तेव्हा जायचं ठरवतो, आणि गावाचं आभाळ रिकामं सापडतं.

हवामानाच्या अंदाजात तीन गोष्टी बघा: ऊन, कमी वारा आणि सतराअठरा अंशांच्या वर तापमान. ढगाळ, गार दिवशी फुलपाखरं गवतात दडून बसतात. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला असला तरी हरकत नाही, फक्त टेकडीवर पाय घसरतो एवढं लक्षात ठेवा.

आणि एक अपेक्षा घरीच ठेवून निघा: जुलैच्या दुपारी इंग्लंडचं रान गात नाही. पक्ष्यांचं गाणं एप्रिल-मेच्या पहाटेचं. जुलैत पिल्लं मोठी झालेली असतात, जुनी पिसं गळायला लागलेली असतात आणि बरेचसे पक्षी झुडपांत गप्प बसतात. कुकूचंही तसंच. मोठे कुकू जूनच्या अखेरीपर्यंत आफ्रिकेच्या वाटेला लागलेले असतात. दुपार ही किड्यांची, फुलांची आणि आभाळातल्या पाखरांची. हे आधी कळलं की निराशा होत नाही.

पोहोचायचं कसं

लंडनच्या वॉटरलू स्टेशनवरून आल्टनची गाडी. सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि आल्टन हे शेवटचंच स्टेशन, त्यामुळे झोप लागली तरी चुकत नाही. ऑयस्टर कार्ड आल्टनपर्यंत चालत नाही, रीतसर तिकीट काढा. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढलेली असतात, ते आदल्या रात्री तपासा. गाडी लंडनच्या नैऋत्य उपनगरांतून जाताना खिडकीबाहेर लक्ष ठेवा. हिरवे पोपट थव्याने उडताना दिसले तर ते आपलेच, लाल पट्ट्याचे पोपट. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पोपटांची ही वंशावळ आता लंडनकर झालीये. आई-बाबांना हे दाखवलं की प्रवासाचा पहिला तास मजेत जातो.

आल्टनहून सेल्बर्न चारएक मैल. पीटर्सफील्डकडे जाणारी बस गावातून जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्या, रविवारी भरवसा नाही आणि संध्याकाळी ती लवकर संपते. म्हणून जाताना बस आणि येताना टॅक्सी हा हिशेब बरा. टॅक्सीवाल्याचा नंबर आल्टनमध्येच फोनमध्ये भरून घ्या आणि परतीची वेळ तेव्हाच सांगून ठेवा. आयत्या वेळी रेंज मिळेलच असं नाही. दमदार मंडळी असतील तर हँगर्स वे नावाची पायवाट आल्टनहून थेट सेल्बर्नमध्ये येते, पण मग गावात पोहोचेपर्यंतच अर्धी दुपार संपते.

स्वतःची गाडी असेल तर आल्टनवरून बी-3006 रस्ता धरा. गावातल्या पबच्या मागे सार्वजनिक पार्किंग आहे. रस्त्याच्या कडेला, कुणाच्या फाटकासमोर गाडी लावू नका. खेड्यातले लोक सहसा आवाज चढवून भांडत नाहीत, पण काचेवर चिठ्ठी मिळते, आणि ती भांडणापेक्षा जास्त लागते.

पिशवीत काय

लांब, पातळ सुती पँट. उन्हाळा आहे म्हणून हाफ पँट घालून गवतात शिरू नका, कारण पुढे सांगतो. तळव्याला खाचा असलेले बूट. पाणी, टोपी, हलकं जाकीट. गवताच्या परागकणांनी शिंका येत असतील तर त्याची गोळी सकाळीच घ्या. भारतात कधी त्रास नव्हता असं म्हणणाऱ्यांनाही इथे दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात हे सुरू झालेलं मी पाहिलंय.

दुर्बीण असेल तर आठ पट मोठं दाखवणारी पुरते. नसेल तरी अडत नाही, निम्म्याहून अधिक गोष्टी दोन हातांच्या अंतरावर असतात. फोनमध्ये मर्लिन नावाचं पक्ष्यांच्या आवाजाचं मोफत ॲप घ्या आणि त्यातला या भागाचा संच घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. कागदी नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 33.

खायला घरून न्या. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, काहीही कोरडं. पबचं स्वयंपाकघर दुपारच्या जेवणानंतर बंद होतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा उघडतं, हा इंग्लिश खेड्यांचा सर्वसाधारण शिरस्ता. तीन वाजता भूक लागली तर हाल होतात. गोड सरबताचं झाकण उघडं ठेवू नका. गांधीलमाश्या नेमक्या त्यावर येतात.

एक वाजता: रस्त्यावर उभं राहून वर बघा

लगेच कुठे चालायला लागू नका. मुख्य रस्त्याच्या फुटपाथवर उभे राहा आणि जुन्या घरांच्या वळचणीला नजर लावा. पांढरी पाठ असलेलं, काळंनिळं छोटं पाखरू सारखं ये-जा करत असेल तर ते हाउस मार्टिन. त्याचं घरटं मातीच्या गोळ्यांचं, वाटीसारखं, वर एवढंसं भोक ठेवलेलं. व्हाइटने हे बांधकाम बारकाईने पाहून लिहून ठेवलंय. पक्षी सकाळीच चिखल लावतो, दिवसाला साधारण अर्धा इंच, आणि उरलेला दिवस तो थर वाळू देतो. एकदम चढवला तर ओल्या मातीच्या वजनाने सगळं खाली येईल. आपल्याकडे मातीच्या भिंती घालणारे गवंडीसुद्धा एक थर सुकल्याशिवाय दुसरा चढवत नसत.

इथेच तीन पाखरांमधला फरक डोळ्यांत बसवून घ्या, संध्याकाळी उपयोगी पडतो. तारेवर बसलेलं, लांब दुभंगलेल्या शेपटीचं, गळ्याशी तांबडं दिसतं ती स्वॉलो. ही आपल्या ओळखीची. महाराष्ट्रात हिवाळ्यात विजेच्या तारांवर रांगेने बसणाऱ्या भिंगऱ्यांमध्ये हीच जात असते, फक्त आपल्याकडे येणाऱ्या भिंगऱ्या आशियातल्या आणि इथल्या पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाणाऱ्या. पांढऱ्या पाठीचा मार्टिन. आणि जो कधीच तारेवर बसत नाही, पूर्ण काळपट, पंख कोयत्यासारखे वाकलेले, तो स्विफ्ट. स्विफ्ट आणि हाउस मार्टिन दोघेही 2021 पासून ब्रिटनच्या लाल यादीत आहेत, म्हणजे काळजी करावी इतके कमी झालेत. आपली साधी चिमणीसुद्धा त्या यादीत आहे. तेव्हा कुठल्या घराच्या कौलांत चिमण्यांचा कलकलाट ऐकू आला तर थांबून ऐका.

घरट्याखाली उभं राहून काठीने काही दाखवायला जाऊ नका. पक्षी वापरत असलेलं घरटं मोडणं हा 1981 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि घरं लोकांची आहेत. वळचणीचा फोटो काढताना खिडकी फ्रेममध्ये येणार नाही असं बघा. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आफ्टरनून’ म्हटलं की पुष्कळ काम होतं. दुर्बीण गळ्यात दिसली तर एखादे आजोबा स्वतःहून सांगायला येतात की पाकोळ्या कुठल्या छपरात शिरतात.

दीड ते तीन: व्हाइटची बाग

ऊन डोक्यावर असताना जागा ही. व्हाइटचं घर, ‘द वेक्स’, आता संग्रहालय आहे. तिकीट लागतं, उघडण्याचे दिवस-वेळा त्यांच्या संकेतस्थळावर बघून जा. आत दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेतून परत न आलेल्या कॅप्टन ओट्सवरही एक दालन आहे. विषय चांगला, पण तो पावसासाठी राखून ठेवा. ऊन असेल तर सरळ मागच्या बागेत.

फुलांचे वाफे भरलेले असतात. एकच झुडूप निवडा आणि त्यासमोर पंधरा मिनिटं बसा. हिंडू नका. हिंडणाऱ्याला फुलपाखराची पाठ दिसते, बसणाऱ्याला सोंड. पहिल्या पाच मिनिटांत वाटतं काही नाहीये, मग दिसायला लागतं. पीकॉकच्या पंखांवर चार डोळे, रेड ॲडमिरलच्या काळ्यावर लाल पट्टा, कॉमाचे कुरतडल्यासारखे पंख. तपकिरी आणि नारिंगी, कडेला ठिपका असलेलं छोटं दिसलं तर बहुधा गेटकीपर. पेंटेड लेडी मिळाली तर आईला सांगा की हेच फुलपाखरू पुण्याच्या टेकडीवरही दिसतं. जात तीच. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत बटरफ्लाय कॉन्झर्वेशन ही संस्था देशभर फुलपाखरांची मोजणी घेते. नियम एवढाच की एका जागी पंधरा मिनिटं मोजायचं आणि आकडे ॲपवर भरायचे. एकही दिसलं नाही तरी शून्य भरायचं, तेही त्यांना हवं असतं. नवशिक्याला याहून चांगला गृहपाठ नाही.

भुंगे, म्हणजे इथले बंबलबी, फुलात पूर्ण शिरतात आणि बाहेर येताना पायांवर पिवळ्या गोळ्या असतात. त्यांना हात लावला नाही तर ते तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मुलं असतील तर एक ठरलेला खेळ: भुंगा फॉक्सग्लव्हच्या घंटेत शिरला की बाहेर येईपर्यंत आकडे मोजायचे. फॉक्सग्लव्ह तोडायचा मात्र नाही, सगळं झाड विषारी असतं.

बागेच्या टोकाला ‘हा-हा’ आहे. हा विनोद नाही, खंदकात बांधलेली भिंत आहे. घरातून बघताना कुंपण दिसत नाही, बाग थेट कुरणात मिसळल्यासारखी वाटते, पण गुरं आत येऊ शकत नाहीत. जवळच पिंपाचं बाक आहे. त्यात बसून समोर बघा: हिरवी भिंत उभी राहिल्यासारखी टेकडी दिसते. तीच हँगर, आपण पुढे तिथेच जाणार आहोत.

याच बागेत टिमोथी नावाचं कासव होतं. व्हाइटला ते 1780 मध्ये आत्याच्या मागे मिळालं. तो त्याचं वजन करायचा, कधी जमिनीत गाडून घेतं आणि कधी वर येतं याची नोंद ठेवायचा. मेल्यावर तपासलं तेव्हा टिमोथी मादी निघाली. तिची पाठ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे आहे.

चहा इथेच, तीनच्या आत. इंग्लिश चहाघरं चार-साडेचारला आवरायला लागतात आणि टेकडीवरून घामाघूम होऊन उतरल्यावर दाराशी खुर्च्या उलट्या ठेवलेल्या दिसतात.

तीन ते पाच: टेकडी

हँगर गावाच्या नैऋत्येला आहे, म्हणजे तिचा उतार ईशान्येकडे तोंड करून. वर दाट झाडी असल्याने दुपारी उतारावर सावली असते. उकाड्यात चढायला याहून चांगली वेळ नाही. व्हाइटने तिची उंची गावापासून तीनशे फूट लिहिली आहे. आपल्याला सिंहगडाची सवय, त्यामुळे आकडा फुसका वाटतो, पण चढ चांगलाच उभा आहे.

वर जायची वाट म्हणजे झिगझॅग. 1753 मध्ये गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी ती खोदली आणि अजून तीच वापरात आहे. पार्किंगकडून पाटी दिसते. वळणावळणांची असल्याने साठी-पासष्टीची मंडळी सावकाश चढू शकतात. गुडघे दुखत असतील तर आग्रह धरू नका. त्यांना चर्चच्या अंगणात बसवा, तिथेही पुष्कळ आहे. पावसानंतर खडूमिश्रित माती साबणासारखी होते, उतरताना काठी हवी.

झाडं बहुतेक बीचची. राखाडी, गुळगुळीत खोडं, वर पानांचं दाट छत, खाली जवळजवळ काही उगवत नाही. इथे डोळ्यांपेक्षा कान वापरा. एखादा चिफचाफ जुलैतही नेटाने स्वतःचं नाव घेत असतो, चिफ-चाफ, चिफ-चाफ. आज हे सोपं वाटतं, पण चिफचाफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर ही दिसायला एकसारखी तीन पाखरं वेगळ्या जाती आहेत हे व्हाइटने मुख्यतः आवाजावरून ओळखलं. दुर्बीण, रेकॉर्डर काही नसताना. मोठ्याने हसल्यासारखा आवाज आला तर हिरवा सुतार. मांजराच्या पिल्लासारखी ओरड आभाळातून आली तर बझर्ड. आणि शेपटीला खाच असलेली तांबूस घार दिसली तर ती रेड काइट.

माथ्यावर एक मोठा दगड आहे, त्याला विशिंग स्टोन म्हणतात. श्वास घ्या, गावाकडे बघा आणि मग परत फिरू नका. खरी गंमत पुढे, सेल्बर्न कॉमनवर, म्हणजे गावाच्या सामाईक रानात. ही नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची जागा, फुकट, मोकळी. झाडी जिथे विरळ होते आणि ऊन पायवाटेवर पडतं तिथे ब्रँबलची, म्हणजे रानटी ब्लॅकबेरीची, पांढरी-गुलाबी फुलं शोधा. जुलैत त्यांच्यावर सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरी येते: मोठं, भडक नारिंगी फुलपाखरू, झेपावत उडणारं. पंख मिटले की खालच्या बाजूला हिरवट पंखावर चांदीचा हात फिरवल्यासारखे पट्टे. या एका दर्शनासाठी मी माणसांना टेकडी चढायला लावतो.

कॉमनवर गुरं चरत असू शकतात. गाय आहे, आपल्याला काय नवीन, असं समजू नका. वासरं बरोबर असतील तर लांबून वळसा घाला, कळपाच्या मधून जाऊ नका. कुत्रा बरोबर असेल आणि गुरं अंगावर आली तर दोरी सोडून द्या. गुरं कुत्र्याच्या मागे जातात आणि कुत्रा स्वतःचं बघून घेतो.

आता लांब पँटचं कारण. उंच गवतात आणि ब्रॅकन नावाच्या नेच्यात गोचिड्या असतात, खसखशीच्या दाण्याएवढ्या. काहींच्या चावण्यातून लाइम रोग होतो. वाटेच्या मधून चाला, पँट मोज्यांत खोचा. दिसायला विचित्र, पण इथे कुणी बघत नाही. नेटल नावाचं खाजरं झाड सगळीकडे आहे. त्यावर डॉकचं पान चोळायला कुणीही इंग्लिश माणूस सांगेल. मला त्याने कधी फरक पडला नाही. थंड पाण्याने धुवा आणि अर्धा-एक तास सोसा. सापांची चिंता सोडा, देशात विषारी जात एकच, ॲडर, आणि ती तुमच्या आधी पळते.

पाच नंतर: चर्च आणि ओढा

खाली उतरून रस्ता ओलांडला की प्लेस्टर नावाचं छोटं हिरवं अंगण आणि त्यापुढे सेंट मेरीज चर्च. दाराजवळ एक प्रचंड बुंधा दिसेल. हा यू वृक्ष सुमारे चौदाशे वर्षांचा मानला जायचा. व्हाइटच्या काळी त्याचा घेर 23 फूट होता. 25 जानेवारी 1990 च्या वादळात तो कोसळला. उभा करून पुन्हा लावायचा प्रयत्न झाला, पण जगला नाही.

चर्चच्या उत्तरेच्या बाजूला व्हाइटची कबर शोधा. शोधावीच लागते. गुडघ्याएवढा साधा दगड, त्यावर जी. डब्ल्यू. आणि 26 जून 1793, बस. आत एक रंगीत काचेची खिडकी आहे, पक्ष्यांना उपदेश करणारा संत फ्रान्सिस आणि भोवती व्हाइटच्या लिखाणातले पक्षी. मुलांना त्यातले पक्षी ओळखायला लावा. शनिवारी लग्न असू शकतं, तेव्हा दारातूनच परत फिरा. दगडांवर बसू नका, डबा उघडू नका.

अंगणातून मागे उतरलं की कुरण आणि ओढा लागतो. इथपासून पायवाट शॉर्ट लाइथ आणि लाँग लाइथ नावाच्या झाडीतून जाते. पिवळा बाण म्हणजे पायी चालायची सार्वजनिक वाट. ती कुणाच्या शेतातून गेली तरी तुमचा हक्क आहे, पण त्या पट्टीपुरताच. फाटक जसं सापडलं तसं ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

ओढ्यावर टाचण्या, म्हणजे बारीक अंगाचे चतुर, बघा. ब्यूटिफुल डेमॉइझेल नावाच्या जातीचा नर गर्द निळ्या-काळ्या पंखांचा, फुलपाखरासारखा फडफडत उडणारा. खंड्या दिसला तर नशीब. आपल्याकडच्या नदीकाठचा छोटा निळा खंड्या तोच. इथे मात्र फांदीवर बसलेला क्वचित सापडतो, पाण्यावरून निळी रेघ जाते आणि संपलं.

हार्वेस्ट माउस शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. पण गव्हाच्या शेताशेजारून जाताना मुलांना सांगा की हा इवलासा उंदीर ब्रिटनमध्ये वेगळी जात म्हणून पहिल्यांदा व्हाइटने ओळखला. त्याने दोन उंदीर तराजूत टाकले तर ते तांब्याच्या एका हाफपेनी नाण्याला जेमतेम भारी झाले. घरटं गव्हाच्या पात्यांचं विणलेलं, गोल, क्रिकेटच्या चेंडूएवढं. ही उपमा त्याचीच आहे.

सात वाजता: मुक्काम हलवू नका

ज्यांना परतायचंच आहे त्यांनी जावं. बाकीच्यांनी पबमध्ये जेवून घ्या आणि बाहेर बसा. शाकाहारी एकदोन पदार्थ असतात, मागताना अंडं चालतं की नाही हे स्पष्ट सांगा.

जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. त्याआधी ऊन उतरत जातं, पण आभाळ उजळ राहतं. याच वेळी पाकोळ्या खाली येतात. दिवसभर उंचावर किडे टिपत असलेल्या त्या टोळीने छपरांच्या उंचीवर, किंचाळत, चर्चच्या मनोऱ्याभोवती फेऱ्या मारायला लागतात. मान वर करेपर्यंत गेलेल्या असतात. म्हणून पाठलाग करू नका. एक छप्पर धरा आणि त्यावरच नजर ठेवा, त्या तिथेच परत येतात. व्हाइट दरवर्षी मोजायचा आणि त्याचा आकडा सारखा आठ जोड्यांचा यायचा, निम्म्या चर्चमध्ये, बाकीच्या गवताच्या छपरांच्या गरीब घरांत. तुम्ही एकाच वेळी आभाळात जास्तीत जास्त किती दिसल्या ते लिहून ठेवा. घरट्यातून पहिल्यांदा उडालेलं पिल्लू पुढे दोन-तीन वर्षं कुठेही न टेकता हवेतच राहतं, झोपही तिथेच. हे ऐकून बाबा दुर्बीण परत द्यायचे नाहीत.

त्या वर चढून दिसेनाशा झाल्या की वटवाघळं निघतात. छोटी, वेडीवाकडी उडणारी बहुधा पिपिस्ट्रेल. उंचावरून सरळ, वेगाने जाणारं मोठं नॉक्ट्यूल असू शकतं, ब्रिटनला त्याची ओळखही व्हाइटनेच करून दिली. परतताना गाडी हळू चालवा. गल्ल्या खोल आहेत, दोन्हीकडे दरडी. काही ठिकाणी रस्ता शेतापेक्षा सोळा-अठरा फूट खाली गेलाय असं व्हाइटच्या काळीच लिहिलं गेलंय. वळणावर हरीण किंवा छोटा काटेरी हेजहॉग उभा असतो.

घरी आल्यावर

अंघोळीआधी सगळ्यांनी अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत आणि कानांमागे. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. तेल, काडी, मीठ असले घरगुती उपाय करू नका. जागा धुवा, तारीख फोनमध्ये लिहा. बहुधा एक ते चार आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, चावल्याच्या जागेभोवती पसरत जाणारा गोल चट्टा उठला किंवा तापासारखं वाटलं तर जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा आणि गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. आई-बाबा तोवर भारतात परतलेले असतील तर ती तारीख त्यांनाही देऊन ठेवा. तिकडच्या डॉक्टरांच्या मनात लाइम रोग सहसा आधी येत नाही.